आठ-बाराची लोकल आणि धोबीतलावातलं पाणी

जुलैतली सकाळ होती. रात्रभर पाऊस कोसळला होता आणि मुलुंडच्या फलाटावर ओल्या छत्र्यांची दाटी झाली होती. 8.29 ला गाडी दिसली आणि रोज आमच्याच डब्यात चढणाऱ्या एक काकू पदर खोचत म्हणाल्या, "आली गं बाई, आपली आठ-बारा आली एकदाची." सगळ्या पुढे सरकल्या. त्या वाक्यात कुणालाच काही वावगं वाटलं नाही.

मी मात्र दादर येईपर्यंत त्याच वाक्याशी अडून राहिले. 8.29 ला आलेली गाडी आठ-बाराची कशी? डबे कालचे नसणार. मोटरमन कालचा नसेल. आतल्या बायकाही सगळ्या कालच्या नव्हत्या. आणि जी वेळ तिच्या नावातच आहे, तीसुद्धा आज तिच्याकडे नव्हती. मग कालची आठ-बारा आणि आजची आठ-बारा या दोघींत एकसारखं आहे तरी काय? शोधत गेलं तर एकच गोष्ट सापडते. तिच्या आधीची गाडी वेगळी आणि नंतरची गाडी वेगळी, आणि त्या दोघींच्या मधली जी जागा, ती हिची. वेळापत्रकात शेजारी कोण उभं आहे, यावरून ती ‘ती’ ठरते.

हे उदाहरण माझ्या डोक्यातून निघालेलं नाही. स्वित्झर्लंडमधल्या जिनिव्हाच्या विद्यापीठात फेर्दिनां द सोस्यूर (1857–1913) नावाचे प्राध्यापक होते. भाषा म्हणजे काय हे समजावताना त्यांनी रात्री 8.25 ला जिनिव्हाहून पॅरिसला जाणाऱ्या गाडीचा दाखला दिला होता. इंजिन निराळं, डबे निराळे, कर्मचारी निराळे, तरी आपण तिला रोज ‘तीच गाडी’ म्हणतो. शब्दाचं तसंच आहे, असं त्यांचं म्हणणं. 1907 ते 1911 या काळात त्यांनी हा विषय तीन वेळा शिकवला, पण त्यावर पुस्तक लिहिलं नाही. ते गेल्यावर विद्यार्थ्यांच्या वह्या जमवून त्यांच्या सहकाऱ्यांनी 1916 मध्ये पुस्तक काढलं आणि विसाव्या शतकातल्या भाषाविचाराची दिशा त्यावरून ठरली. मला आवडणारी गोष्ट अशी की, सोस्यूर संस्कृत शिकवायचे. त्यांचा डॉक्टरेटचा प्रबंधच संस्कृतातल्या षष्ठी विभक्तीच्या एका प्रयोगावर आहे. शब्द आणि अर्थ यांचं नातं काय, या प्रश्नावर शतकानुशतकं वाद घातलेल्या परंपरेची भाषा त्यांना चांगली अवगत होती. त्यामुळे पुढे मी जिनिव्हा आणि आपल्याकडचे शास्त्रकार एकमेकांशेजारी बसवले, तर त्यात ओढूनताणून आणलेलं काही नाही.

आपण सगळे लहानपणापासून मनात एक समजूत घेऊन वाढतो. जगात वस्तू आधीच तयार आहेत आणि शब्द म्हणजे त्यांवर चिकटवलेल्या चिठ्ठ्या. फणीच्या डब्यावर ‘फणी’, हळदीच्या डब्यावर ‘हळद’. ही समजूत कुठे तुटते ते पाहायला दादर पश्चिमेला स्टेशनबाहेरच्या भाजीच्या गाडीपाशी दहा मिनिटं उभं राहिलं तरी पुरे. मी उभी होते. माझ्या पुढच्या बाईंनी "एक किलो बटाटे द्या" म्हटलं. मागून एकाने "भैया, आधा किलो आलू" म्हटलं. एक गुजराती बेन "बटाका" म्हणाल्या. भाजीवाल्याचा हात तिन्ही वेळा त्याच ढिगाकडे गेला, आणि पैसे सांगताना तो स्वतः पहिलीशी ‘बटाटे’ आणि दुसऱ्याशी ‘आलू’ म्हणाला. बटाट्याच्या अंगात असं काहीच नाही की ज्यामुळे त्याला बटाटाच म्हणावं लागेल. भाषाविज्ञानात यालाच भाषेची यादृच्छिकता म्हणतात. शब्द अवजड आहे, पण अर्थ साधा आहे. या आवाजाला हाच अर्थ का, याला ‘आपल्यात असं म्हणतात’ याहून दुसरं उत्तर नाही.

यादृच्छिक म्हणजे मनमानी नव्हे, आणि इतिहास नसलेलंही नव्हे. बटाट्याला इतिहास आहे, आणि तो मोठा लांबचा आहे. कॅरिबियन बेटांवरचे ताइनो लोक रताळ्याला ‘बटाटा’सारख्या नावाने ओळखत. ते नाव स्पॅनिश-पोर्तुगीज जहाजांवर चढलं, वाटेत रताळ्यावरून दुसऱ्याच कंदावर सरकलं आणि आपल्या किनाऱ्यावर उतरलं. इंग्रजीतला ‘पोटॅटो’ त्याच घरचा. नाव एका कंदावरून दुसऱ्यावर सरकू शकलं, याचाच अर्थ ते पहिल्याला चिकटलेलं नव्हतं.

आता शब्दाच्या आत काय असतं ते जरा जवळून बघू. एक प्रयोग करून पाहा. ओठ मिटा आणि मनातल्या मनात ‘बटाटा’ म्हणा. जीभ हलली नाही, आवाज झाला नाही, पण शब्द उमटला. म्हणजे शब्दाची ध्वनीची बाजू ही हवेतली कंपनं नव्हे, मनात ठसलेला तिचा ठसा आहे. म्हणूनच सर्दीने बसलेल्या आवाजात म्हटलेला ‘बटाटा’, लाऊडस्पीकरवर ओरडलेला ‘बटाटा’ आणि तीन वर्षांच्या मुलीचा बोबडा ‘बताता’ हे तिन्ही आपल्याला एकच शब्द वाटतात. दुसऱ्या बाजूचंही तसंच. ‘बटाटा’ म्हणताना गाडीवरचा तो माती लागलेला एक विशिष्ट बटाटा मनात येत नाही. येते ती बटाट्याची कल्पना, जिच्यात कालचे, आजचे आणि अजून न उगवलेले सगळे बटाटे बसतात. या दोन बाजू मिळून जे होतं ते भाषिक चिन्ह. ध्वनीच्या बाजूला चिन्हक आणि अर्थाच्या बाजूला चिन्हित म्हणतात. आपल्या जुन्या शास्त्रांत वाचक आणि वाच्य ही जोडी आहे. सोस्यूर म्हणायचे, कागदाची एक बाजू कापायची आणि दुसरी तशीच ठेवायची हे जमत नाही, तसं या दोन बाजूंचं आहे.

इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात पतंजलीने महाभाष्याच्या, म्हणजे पाणिनीच्या व्याकरणावरच्या आपल्या ग्रंथाच्या, सुरुवातीलाच हा प्रश्न घेतला आहे. ‘गौः’ म्हटलं तर त्यात शब्द कोणता? गळ्याखालची लोंबती पोळी, शेपटी, वशिंड, खूर आणि शिंगं असलेलं ते जे समोर उभं आहे, तो शब्द का? पतंजली म्हणतो, नाही, ते द्रव्य. मग तिचा पांढरा-काळा रंग? नाही, तो गुण. तिचं हलणं-चालणं? ती क्रिया. मग शब्द म्हणजे काय? ज्याचा उच्चार झाला की त्या पोळी-शेपटी-वशिंड-खूर-शिंगवालीची ओळख मनात उमटते, तो शब्द. इतक्या साध्या पायऱ्यांनी चिठ्ठीवाली समजूत खोडून काढलेली मी दुसरीकडे वाचलेली नाही.

शब्द वस्तूला आतून जोडलेला नाही, याचा नैयायिकांनी, म्हणजे न्यायदर्शनाच्या तर्कपंडितांनी, दिलेला पुरावा तर आजीने नातवाला सांगावा असा आहे. शब्दात वस्तू भरलेली असती, तर ‘अन्न’ म्हणताच तोंड भरलं असतं, ‘आग’ म्हणताच भाजलं असतं आणि ‘तलवार’ म्हणताच कापलं असतं. तसं होत नाही. तेव्हा शब्द आणि अर्थ यांच्यात असतो तो संकेत, लोकांनी मानलेली खूण. वेदवाक्यांचा अर्थ लावणाऱ्या मीमांसकांना हे पटत नव्हतं. त्यांचं म्हणणं, हे नातं कुणी केलेलं नाही, ते मुळापासूनच आहे. आणि त्यांची अडचण खरोखर जड आहे. लोकांनी बसून ठरवलं म्हणता, तर पहिल्या दिवशी ठरवताना ते कुठल्या शब्दांत बोलले? ही अडचण मनात ठेवा, पुढे मुंबईच्या स्टेशनांपाशी ती पुन्हा येणार आहे.

इथे वाचक म्हणतील, आणि त्यांनी म्हणायलाच हवं, की ‘खळखळ’, ‘कडकड’, ‘सळसळ’ यांचं काय? हे शब्द तर आवाजावरूनच आले. खरं आहे. मराठीत असे शब्द पोत्याने आहेत आणि ते आपल्या भाषेचं मोठं धन आहे. पण आपला कोंबडा ‘कुकूच कू’ करतो, जर्मन कोंबडा ‘किकेरिकी’ आणि फ्रेंच कोंबडा ‘कोकोरिको’. कोंबडे सगळीकडे एकसारखेच आरवतात. ऐकणारे आपापल्या भाषेचे कान घेऊन ऐकतात. तरीही मी यादृच्छिकता शंभर टक्के आहे असं म्हणणार नाही. 1929 मध्ये वोल्फगांग क्योलर या मानसशास्त्रज्ञाने एक गोलसर आणि एक टोकेरी आकृती दाखवून बनावट नावांची जोडी लावायचा खेळ मांडला. 2001 मध्ये रामचंद्रन आणि हबर्ड यांनी तोच ‘बूबा’ आणि ‘किकी’ या नावांनी पुढे नेला. बहुतेक माणसं गोलसर आकृतीला बूबा आणि टोकेरीला किकी म्हणतात. आपले ‘गुबगुबीत’ आणि ‘काटकुळा’ तोंडात घोळवून बघा. जीभ काहीतरी सांगते खरी. पण ‘गोटी’तला ट टोचत नाही. ओढ असते, सक्ती नसते.

मला स्वतःला यापुढचा भाग सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, आणि तो बहुतेक ठिकाणी घाईत उरकला जातो. शब्दाला अर्थ कुठून मिळतो? वस्तूकडून नाही, हे झालं. मग? त्याच्या शेजारच्या शब्दांकडून.

‘फास्ट’ घ्या. लोकलच्या बाबतीत फास्ट म्हणजे वेगवान, असं नवख्या माणसाला वाटतं. पाऊस भरला की कित्येकदा फास्ट गाडी सिग्नलला उभी राहते आणि बाजूच्या रुळावरून स्लो निघून जाते. तेव्हाही डब्यातलं कुणी म्हणत नाही की आता आपण स्लोमध्ये बसलोय. फास्ट म्हणजे ‘स्लो नव्हे ती’, मधली स्टेशनं सोडणारी. स्लो हा शब्दच नसता तर या अर्थाचा फास्टही उरला नसता. आणि शेजारी नवा भाडेकरू आला की जुन्यांच्या जागा कशा आक्रसतात तेही याच गाड्यांत दिसतं. 25 डिसेंबर 2017 ला पश्चिम मार्गावर पहिली एसी लोकल धावली. तोवर ‘लोकल’ एवढंच म्हणणं पुरेसं होतं. त्यानंतर लोक ‘साधी लोकल’ म्हणू लागले. जुन्या गाडीत एक स्क्रूही बदलला नव्हता. बदलला तो तिचा शेजार, आणि तेवढ्याने तिच्या नावाला विशेषण लागलं.

सोस्यूरने यासाठी मेंढीचं उदाहरण दिलं आहे. फ्रेंचमध्ये ‘मुतों’ म्हणजे कुरणातली मेंढीही आणि ताटातलं तिचं मांसही. इंग्रजीत कुरणात ‘शीप’ आणि ताटात ‘मटन’, जे मुळात त्याच फ्रेंच शब्दावरून आलं. शेजारी वेगळे, म्हणून दोन्ही भाषांतल्या शब्दांची किंमत वेगळी. आता ही गोष्ट तशीच पुढे लालबागच्या खानावळीपर्यंत नेऊन बघा. आपल्याकडे ‘मटण’ आलं, ताटातली त्याची जागा तीच राहिली, पण जनावर बदललं. इथे मटण मागितलं की बहुतेक बोकडाचंच समजायचं. दुकानात टांगलेला बोकड, ताटात मटण. पण ‘कोंबडी’ बघा. खुराड्यातही कोंबडी आणि वड्यांबरोबरही कोंबडीच, म्हणजे हिचं वागणं फ्रेंच शब्दासारखं. मग ‘चिकन’ आलं आणि त्याने ताटातला मोठा वाटा घेतला. हॉटेलात आपण चिकन मागवतो, आणि ‘चिकन-वडे’ म्हटलं तर जिभेला खटकतं. तेवढा एक कोपरा कोंबडीने सोडलेला नाही. मासळीत तर ही विभागणी झालीच नाही. समुद्रात बोंबील, टोपलीत बोंबील, तव्यावरही बोंबील.

शब्दांच्या सीमा अशा एकमेकांना रेटत ठरतात, हे मी माझ्या भाचीच्या बाबतीत रोज पाहिलं. ती सव्वा वर्षाची असताना चार पायांचं जे दिसेल ते ‘भूभू’ होतं. कुत्रा भूभू, मांजर भूभू, रस्त्यावरची गाय भूभू. मग ‘माऊ’ आली आणि भूभूची हद्द थोडी मागे सरली. मग ‘हम्मा’ आली, आणखी सरली. भूभूचा अर्थ तिला कुणी सांगितला नाही. बाकीचे शब्द आले आणि त्यांनी तो कापून दिला. पाचव्या-सहाव्या शतकातला बौद्ध आचार्य दिङ्नाग याचा अपोहाचा सिद्धांत हेच सांगतो, फार टोकाला नेऊन. ‘गाय’ हा शब्द गाय दाखवत नाही, जे जे गाय नाही ते ते बाजूला सारतो. भाषेत फक्त भेद असतात, हे सोस्यूरचं म्हणणं त्याच्या फार जवळ येतं.

आणि हे भेद परक्या भाषेत न्यायला गेलं की कळतं आपल्याकडे काय आहे ते. "आम्ही जेवायला जातोय" आणि "आपण जेवायला जातोय." ऑफिसात दुपारी एक वाजता ही दोन वाक्यं ऐकणाऱ्याला एकसारखी वाटणं शक्य नाही. पहिल्यात तो बाहेर आहे, दुसऱ्यात आत. इंग्रजी ‘वी’ला आणि हिंदी ‘हम’ला हा दरवाजा नाही. नोकरीला लागल्यावर पहिल्या आठवड्यात मला सगळे ‘आम्ही’ म्हणत होते. दुसऱ्या सोमवारी एकीने सहज "आपण खाली चहाला जाऊ या का?" म्हटलं, आणि तो एक शब्द मी आजही विसरलेले नाही.

ध्वनीतही असेच भेदच कामाला येतात. ‘वेल’ आणि ‘वेळ’ यांच्यामध्ये आहे ती फक्त ल-ळची रेघ. ‘जरा थांब’मधला जरा आणि म्हातारपण या अर्थाची जरा लिहायला एक, पण म्हणायला दोन. मराठी कान तो फरक न शिकवता ऐकतो. आणि ‘पाव’ तर लिहायलाही एक आणि म्हणायलाही एक. पाव किलो, वडापाव आणि ‘देव पावला’ हे तीन वेगळे शब्द आहेत, त्यातला मधला पोर्तुगीजांकडून आलेला, आणि वाक्यातले शेजारी त्यांना एकमेकांत मिसळू देत नाहीत.

आता मीमांसकांची ती अडचण. शब्द हा नुसता संकेत असेल, तर तो बदलणं सोपं असायला हवं. आपण ठरवलं, आपण मोडलं. प्रत्यक्षात काय होतं? जुलै 2018 मध्ये एल्फिन्स्टन रोड स्टेशनचं नाव प्रभादेवी झालं. पाट्या बदलल्या, तिकिटं बदलली, घोषणा बदलल्या. तरी आमच्या पिढीची कितीतरी माणसं अजून "एल्फिन्स्टनला उतर" म्हणतात. व्हिक्टोरिया टर्मिनस 1996 मध्ये छत्रपती शिवाजी टर्मिनस झालं, 2017 मध्ये त्यात ‘महाराज’ आलं. आज तिथे कुणी ‘सीएसएमटी’ म्हणतं, कुणी ‘सीएसटी’, आणि माझे काका ‘व्हीटी’. कोण काय म्हणतं यावरून तो मुंबईत कधी वाढला ते साधारण सांगता येतं. उलट बाजूने, ‘महापौर’ आणि ‘दिनांक’ हे सावरकरांनी सुचवलेले शब्द आज इतके मुरले आहेत की ते कुणी घडवले होते हे आठवतही नाही. घडवणारा एक असू शकतो, पण शब्द चालतो तो लोकांनी उचलला तरच. आणि लोक केव्हा उचलतात, याचं वेळापत्रक कुणाच्या हातात नसतं.

पतंजलीने हे कुंभाराच्या उदाहरणाने सांगितलं आहे. घडा हवा असलेला माणूस कुंभाराकडे जातो आणि म्हणतो, घडा कर, मला वापरायचा आहे. पण शब्द हवा म्हणून कुणी वैयाकरणाच्या घरी जाऊन ‘शब्द करा, मला वापरायचे आहेत’ असं म्हणत नाही. जो तो शब्द वापरतच असतो. नैयायिक म्हणाले संकेत, मीमांसक म्हणाले कुणी केलेला नाही. मला दोघंही बरोबर वाटतात. शब्द आणि अर्थ यांच्या नात्याला निसर्गात आधार नाही, आणि तरीही ते कुणा एकाच्या हातात नाही. आपण जन्मतो तेव्हा करार आधीच झालेला असतो आणि आपली सही त्यावर आपल्या पहिल्या ‘आई’बरोबर पडते.

मुंबईची नावं या कराराची ताकद आणखी एका तऱ्हेने दाखवतात. भाची सहा वर्षांची असताना बसमधून जाताना तिने विचारलं, "धोबीतलावात पाणी कुठाय?" तलाव केव्हाच बुजवला गेला. तिथे धोबी कपडे धूत होते, पाणी होतं, आज मेट्रो सिनेमा आणि रहदारी आहे. चर्चगेटला गेट नाही. किल्ल्याचा तो दरवाजा सेंट थॉमस चर्चच्या दिशेने उघडणारा म्हणून चर्चगेट, 1860 च्या दशकात तटबंदी पाडली तेव्हा तोही गेला, आणि त्याच्या जागी फ्लोरा फाउंटन उभं राहिलं. फोर्टमध्ये किल्ला नाही. काळ्या घोड्याचं तर नवलच. सातवा एडवर्ड ज्या घोड्यावर बसला होता तो पुतळा 1965 मध्ये तिथून हलवला आणि तो आता भायखळ्याला राणीच्या बागेत आहे. पुढची 52 वर्षं चौकात घोडा नव्हता, पण काळा घोडा होता. लोक तिथे भेटत होते, टॅक्सीवाले तिथे सोडत होते. 2017 मध्ये त्या चौकात नवा काळा घोडा बसवला, स्वार नसलेला. नावाने वस्तूची वाट पाहिली आणि अखेर वस्तू नावाकडे आली. शब्द वस्तूवरची चिठ्ठी असता तर वस्तूबरोबर गेला असता.

पण नाव टिकलं म्हणजे आतलं सगळं टिकलं असं नव्हे. आमचे आजोबा गिरणीत होते. घरात ‘मिल’ म्हटलं की भोंगा, पाळी, कानात बसलेला मागांचा आवाज आणि आजोबांच्या सदऱ्यावरची कापसाचे तंतू, एवढं सगळं एकदम यायचं. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला आणि आजोबांचा डबा पुन्हा कधी भरला गेला नाही. आज माझ्या ऑफिसातली मुलं शुक्रवारी संध्याकाळी "मिलमध्ये जाऊ या" म्हणतात. लोअर परळच्या जुन्या आवारांत आता हॉटेलं आणि मॉल आहेत, आणि त्यांच्यासाठी मिल म्हणजे टेबल राखून ठेवायची जागा. ती मुलं चुकत नाहीत. चिन्हक तेच राहिलं, चिन्हित त्याच्या खालून सरकलं, बटाट्याखालून रताळं सरकलं तसं. भाषाविज्ञानात हे एका ओळीत सांगून होतं. मला मात्र तो शब्द त्यांच्या तोंडून ऐकताना दर वेळी थोडं थांबावं लागतं, कारण माझ्या कानात दोन्ही अर्थ एकाच वेळी वाजतात, आणि आजोबांचा अर्थ ऐकणारे कान दर वर्षी कमी होत चालले आहेत.

शेवटी एक राहिलं. कोशात दिलेला अर्थ म्हणजे शब्दाचं सगळं काम नव्हे. आपल्या काव्यशास्त्राने शब्दाच्या तीन शक्ती मानल्या. अभिधा म्हणजे सरळ अर्थ. तो जुळला नाही की लक्षणा. ‘गंगेवर गवळीवाडा’ म्हणजे प्रवाहावर नव्हे, काठावर. ‘अख्खं लालबाग रस्त्यावर उतरलं’ म्हणजे इमारती उतरल्या नाहीत. आणि तिसरी व्यंजना, जिथे म्हटलेल्यापेक्षा सुचवलेलं मोठं असतं. व्यंजनेला कविताच लागते असं नाही. आमच्या डब्यात ती रोज सकाळी असते. बसलेल्या बाईसमोर उभी राहून दुसरी विचारते, "कुठे?" उत्तर येतं, "दादर." या दोन शब्दांत अख्खा व्यवहार होतो. मी दादरला उठेन, तोवर तुम्ही इथेच उभ्या राहा, मग ही जागा तुमची, आणि आता ती दुसरीला देणार नाही.

गेल्या पावसाळ्यात साताऱ्याहून नोकरीसाठी आलेली एक मुलगी आमच्या डब्यात बसू लागली. पहिल्या दिवशी त्याच आठ-बारावाल्या काकूंनी तिला विचारलं, "कुठे?" ती अदबीने म्हणाली, "ऑफिसला." काकू हसल्या, तिच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, "अगं, उतरणार कुठे?" आठवड्याभराने काकू तिच्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी काही विचारलं नाही, नुसती भुवई उचलली.

"भायखळा," ती म्हणाली, आणि काकू पुढच्या रांगेकडे वळल्या.